लिओबाआईंचा रुसवा

सासूबाईंच्या जागेवर रविवारी चर्चमध्ये जाऊन बसण्याचं काम माझ्यावर आलं, तेव्हा मी आधी साफ नाही म्हटलं होतं. सोमवार ते शनिवार मी आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, उभी असते आणि अख्ख्या हायडेलबर्गची सर्दी माझ्या तोंडावर शिंकून जाते. रविवार हा माझा झोपेचा वार. शिवाय मी साताऱ्याची मनोरमा. येशूशी माझं भांडण कधीच नव्हतं, पण ओळखही नव्हती. नाताळात सासूबाईंबरोबर जायचं, त्यांच्या शेजारी गप्प बसायचं, बाहेर आल्यावर चार लोकांना शुभेच्छा द्यायच्या, एवढाच आमचा घरोबा.

"देवासाठी नको जाऊस," सासूबाई म्हणाल्या. "तू गेली नाहीस तर फ्राऊ केसलर माझ्या जागेवर बसेल. एकदा बसली की ती उठायची नाही. म्हणून जा."

हे कारण मात्र मला पटलं. फ्राऊ केसलरला, म्हणजे केसलरबाईला, मीही ओळखून होते. खोकल्याच्या औषधाची बाटली घेताना ती मला माझ्याच दुकानात खोकल्यावर व्याख्यान द्यायची.

सासूबाईंचं नाव लिओबा. मी पुण्यात जर्मन शिकायला गेले आणि जर्मनच घेऊन घरी आले, तेव्हा साताऱ्यात माझ्या आईने अन्न सोडलं. इकडे लिओबाआईंनी मात्र आपल्या मुलाला एवढंच विचारलं, "ती बटाटे खाते का?" मी बटाटे खाते म्हटल्यावर प्रश्न मिटला. बाई तोंडाने तिखट, पण हाताने सढळ. खालच्या मजल्यावर त्या, वरच्या मजल्यावर आम्ही. सासू-सुनेचं मेतकूट जमलं की घरातल्या पुरुषाचं काही खरं नसतं, हे आमच्या रायनरला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. जर्मनमध्ये मी त्यांना चक्क 'डू', म्हणजे तू म्हणते. पण मराठीत सांगताना सासूला अगं-तुगं करायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा इथे सगळं अहो-जाहोतच होईल.

तो २००४ सालचा ऑक्टोबर होता. सप्टेंबरात बागेतल्या पायरीवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण आत बसवलेला खिळा सरकला आणि पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं, येत्या मंगळवारी. वय ऐंशीला टेकलेलं, हृदय दमलेलं, भूल दिल्यावर काय होईल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. इथले डॉक्टर हातचं राखून बोलत नाहीत. लिओबाआईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. म्हणून जागा राखायला जा म्हणाल्या, तेव्हा त्या निदान काहीतरी बोलल्या याचाच मला आनंद झाला.

त्यांची जागा म्हणजे डावीकडच्या तिसऱ्या बाकावरची, खांबाजवळची. तिथे बसूनच मी पहिल्या नाताळात एक गोष्ट पाहिली होती. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपत आली की सगळे उठून रांगेने पुढे जातात, पाद्री प्रत्येकाच्या हातावर काहीतरी गोल, पांढरं, पापडीएवढं ठेवतो, ते तोंडात टाकून लोक परत येतात. लिओबाआई उठत नसत. मग मीही त्यांच्याबरोबर बसून राहायचे. लोक आमचे गुडघे चुकवत जायचे, गुडघे चुकवत यायचे आणि आम्ही दोघी बाकावर. मला वाटायचं, बाईंना गुडघ्यांमुळे रांगेत उभं राहवत नाही, म्हणून आपला वाटा सोडतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी बसलेलीच बरी." परत मी विचारलं नाही.

तर त्या रविवारी मी वेळेआधी पोचले. फ्राऊ केसलर खरोखरच त्या बाकाच्या रोखाने येत होती. मी झटकन बसले, पर्स शेजारी पसरली आणि गोड आवाजात "गुटन मोर्गन" म्हटलं. तिचा चेहरा पाहून लवकर उठल्याचं सार्थक झालं. प्रवचन कशावर होतं ते मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष मंगळवारात होतं.

मग लोक उठायला लागले आणि मी माझ्या सवयीने बसून राहिले. शेजारची जागा रिकामी. वाटलं, घरी म्हातारं माणूस दुखणं घेऊन बसलंय, परवा ऑपरेशन आहे, आणि मी देवाच्या दारातून हात हलवत जाऊ? आमच्याकडे देवळात गेलं आणि घरी कुणी आजारी असलं, तर प्रसाद बांधून आणतात. जो येऊ शकला नाही त्याचा मान आधी. हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या पाहण्यात बाईंनी कधी आपला वाटा घेतला नव्हता. आज त्यांच्या जागेवर मी बसले होते, तर त्यांच्या नावाचा घेऊन जाणं माझं कामच होतं. मी उठले आणि रांगेत उभी राहिले.

पाद्रीने माझ्या हातावर ती पापडी ठेवली आणि म्हणाला, "लाइब क्रिस्टी," म्हणजे ख्रिस्ताचं शरीर. पुढचे सगळे आमेन म्हणाले होते. मी म्हटलं, "डांके शोन," म्हणजे आभारी आहे. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पण मागे रांग मोठी होती. रायनरसाठीही एक मागणार होते, तेवढ्यात मागच्याने पुढे सरकवलं. मी मूठ मिटून जागेवर आले, पर्समधली बडीशेपेची स्टीलची डबी काढली, बडीशेप कोटाच्या खिशात ओतली, डबी स्वच्छ रुमालाने पुसली आणि प्रसाद तिच्यात ठेवला. पर्समध्ये सुट्टा टाकायची माझी रीत नाही.

घरी आले तेव्हा लिओबाआई खालच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. समोर रोलाटोर, म्हणजे त्यांची चाकांची ढकलगाडी. रेडिओवर गाणी लागली होती आणि रायनर ओव्हनपाशी उभा राहून त्यांच्या हुकमाप्रमाणे मांसावर रस्सा घालत होता.

"बसली का केसलर?" त्यांनी पहिलं विचारलं.

"दोन बाक मागे," मी म्हटलं. "आणि हे बघा, तुमच्यासाठी काय आणलंय." मी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत आत.

"मानो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कुठून आणलंस?"

"चर्चमधून. तुम्ही येऊ शकला नाहीत ना, म्हणून तुमच्या वाटचा घेतला. आमच्याकडे असाच आणतात."

"रायनर, रेडिओ बंद कर."

त्याने बंद केला आणि डोकावून बघितलं. मग तो हसायला लागला, आणि आईच्या चेहऱ्याकडे नजर जाताच थांबला. लिओबाआईंचा रंग उतरला होता. त्यांनी पोटावरचा एप्रन सोडला, घडी करून बाजूला ठेवला आणि केसांवरून हात फिरवला. दारात अचानक मोठा पाहुणा यावा तसं त्यांचं चाललं होतं.

"अहो, झालं काय?" मी विचारलं. "शिळा नाही, आत्ताचा आहे."

"मानो," रायनर म्हणाला, "हे बघ... तो प्रसाद नाही. म्हणजे आमच्या लोकांच्या मते तो स्वतः देव आहे. तिथल्या तिथे खायचा असतो. असा पर्समध्ये घालून आणत नाहीत."

"मला कुणी सांगितलं होतं?" मी तडकले. "वीस वर्षं मी तिथे बसून होते! तुम्ही कधी उठला नाहीत, मग मला काय माहीत पुढे काय करतात? तू तर अठराव्या वर्षी चर्चमधून नाव काढून बसलास. आणि देव असेल तर आजारी माणसाकडे आणला, यात बिघडलं काय?"

लिओबाआईंनी कपाटातला पांढरा भरतकामाचा टेबलक्लॉथ आणायला सांगितला, लग्नातला. त्यावर एक मेणबत्ती, आणि काचेच्या बशीत डबी जशीच्या तशी. त्यातल्या पापडीला त्यांनी बोटही लावलं नाही. रायनरला पाद्रीला फोन करायला लावला. हल्ली एकेका पाद्रीच्या गळ्यात चार-चार गावांची चर्चेस असतात. तो दुसऱ्या गावातल्या मिसाला गेला होता, चारपर्यंत येतो असा निरोप मिळाला.

"चारपर्यंत आपण जेवायचं नाही का?" रायनरने विचारलं.

"देवासमोर बसून तू रोस्ट खाणार?"

"मग त्यालाही वाढू या."

आईने असं काही पाहिलं की तो आपली ताटली घेऊन मुकाट्याने वर निघून गेला. आमच्याकडे आधी नैवेद्य दाखवून मग जेवतात, असं मी सुचवून पाहिलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

आम्ही दोघीच उरलो. मला खरं तर आता धास्ती वाटायला लागली होती. बाईंच्या हृदयाला परवा भूल सोसायची होती आणि आज मीच त्यांना हा धक्का दिला होता. मी म्हटलं, "आई, रागावलात का?"

"तुझ्यावर? नाही." त्यांची नजर बशीवरून हलत नव्हती. "वेर्नरचं आधी एक लग्न झालं होतं, तुला माहीत आहे."

वेर्नर म्हणजे माझे सासरे. माझ्या लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी गेले. कमी बोलणारे, रेल्वेतले, रोज संध्याकाळी बायकोच्या सायकलच्या चाकात हवा आहे की नाही ते तपासणारे. मला ते फार आवडायचे.

"माहीत आहे," मी म्हटलं. "ती त्यांना सोडून गेली होती ना?"

"तो युद्धकैदी होता. सुटून घरी आला तर घरात दुसराच माणूस. मग घटस्फोट झाला. पण चर्चच्या लेखी पहिली बायको जिवंत, म्हणजे पहिलं लग्न शाबूत. आम्ही सरकारी कचेरीत लग्न केलं. तेव्हाचा पाद्री मला म्हणाला, लिओबा, मिसाला ये, बस, प्रार्थना कर, पण हे कम्युनियन घ्यायला पुढे यायचं नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मी कॅथलिक आहे. ऐकलं. पण एक रविवार चुकवला नाही. तिसऱ्या बाकावरच बसले, अगदी समोर. म्हटलं, मी नको असेन तर नको, पण दिसत राहीन तुला."

वीस वर्षं मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते आणि गुडघ्यांना दोष देत होते.

"मग वेर्नर गेला," त्या म्हणाल्या. "तेव्हा नवा पाद्री आला होता, आत्ताच्याच्या आधीचा. घरी येऊन म्हणाला, फ्राऊ लिओबा, आता अडचण संपली. पापाची कबुली द्या, चुकलं म्हणा आणि रविवारी पुढे या. अडचण! माझा माणूस जाऊन महिना झाला नव्हता आणि हा म्हणतो अडचण संपली. चुकलं म्हणू? वेर्नर चूक होता? आयुष्यात ती एकच गोष्ट मी बरोबर केली, मानो. तेव्हापासून मीच उठले नाही. आधी त्यांनी बसवलं होतं, नंतर मी बसले."

"आणि हा?" मी बशीकडे बोट केलं. बोट दाखवू नये हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

"हा तिकडे, मी इकडे. बोलणं टाकलेल्या शेजाऱ्यांसारखे. लोक म्हणतात, त्याला हाक मारली की आत काहीतरी हलतं, तो आपलं नाव घेतो. केसलरशी तर तो रोजच बोलतो म्हणे. माझ्याशी कधी बोलला नाही. मीही सगळ्या प्रार्थना म्हटल्या, पण त्या पुस्तकातल्या. माझं असं मी त्याला काही सांगितलं नाही. आता परवा मला झोपवणार. उठलेच नाही तर मी जाऊन उभी राहणार कुणापुढे? ज्याच्याशी एवढी वर्षं एक शब्द बोलले नाही त्याच्यापुढे?"

असं म्हणून त्या रडायला लागल्या. सासऱ्यांच्या दफनाच्या दिवशीही ज्या बाईने सगळ्यांना केक वाढला होता, ती बाई लग्नाच्या टेबलक्लॉथवर हात ठेवून रडत होती. मलाही रडू आवरेना, आणि मला रडू आलं की राग येतो.

"आई, तुमचं एक चुकलंच," मी म्हटलं. "एवढा अबोला धरायचा नसतो. आमच्याकडे देवाशी भांडतात. माझा भाऊ मोहन लहानपणी टायफॉइडने पडला, तेव्हा माझ्या आईने काय केलं माहीत आहे? देवघरातले सगळे देव उचलले आणि तांब्याच्या घंगाळात पाण्यात बुडवून ठेवले. म्हणाली, पोराला बरं कर, मगच बाहेर काढते. तोवर राहा पाण्यात. माझा जीव टांगणीला आणि तू मात्र मखमलीवर, हे चालायचं नाही."

लिओबाआईंनी डोळे पुसता पुसता वर पाहिलं. "पाण्यात? देवाला?"

"आकंठ."

"आणि त्याला राग नाही आला?"

"आपल्याच माणसाचा कसला राग? परक्याच्या घरी जाऊन कुणी असं करतं का? मोहन बरा झाला. आता नागपुरात असतो, इतका सुटलाय की त्यालाच आता घंगाळात बसवता येणार नाही."

त्या हसल्या. हसता हसता परत रडल्या, परत हसल्या. मग बराच वेळ त्या मेणबत्तीकडे बघत बसल्या. मी उठून ओव्हन बंद केला, कारण रोस्ट करपायला आला होता आणि देवाच्या पाहुणचारातही तेवढं भान कुणीतरी ठेवावं लागतं.

"मानो," त्या म्हणाल्या, "तू जरा बाहेर जा. दार लावून घे."

मी गेले. गेले म्हणजे दाराबाहेर बोळात उभी राहिले. कान देऊन ऐकणं वाईट, हे मला कळतं. पण बाईंचं हृदय अधू होतं, काही झालं असतं म्हणजे? आधी काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज आला, मिसातला नव्हे, घरातला, त्यांच्या माहेरच्या बोलीतला. वेर्नर उशिरा घरी आले की त्यांच्यावर चालायचा तोच आवाज. मला त्या बोलीतलं निम्मंच कळतं. तू तिथे चर्चमधल्या सोन्याच्या कपाटात आरामात बसून होतास, हे कळलं. मी काय मागत होते, जरा वळून तरी बघायचंस, हे कळलं. वेर्नरचं नाव पुष्कळदा आलं. तो चांगला होता हे तुला माहीत होतं, तूच पाठवला होतास, मग त्यांना सांगितलं का नाहीस, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि टेबलावर थाप मारली. बशी खणखणली. मी दाराला हात घातला होता, पण आत गेले नाही.

पुढे आवाज खाली आला. आता त्या भांडत नव्हत्या, सांगत होत्या. मंगळवारचं सांगत होत्या. भीती वाटते, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांना, रायनरला, मला, कुणालाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मग सगळं शांत झालं. इतका वेळ शांत, की मी दार उघडलं.

लिओबाआई ताठ बसल्या होत्या. एक हात बशीशेजारी पालथा ठेवलेला होता. चेहरा ओला, पण धुऊन काढल्यासारखा स्वच्छ.

"काय म्हणाला?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"काही नाही म्हणाला. पण सगळं ऐकून घेतलं. मला कळलं तो ऐकतोय ते. वेर्नरचंही असंच होतं बघ. मी बोलायचे, तो ऐकायचा, आणि मला समजायचं."

"मग झालं तर," मी म्हटलं. आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले.

चार वाजता पाद्री सायकलवरून आला. पन्नाशीचा, घामेजलेला, रविवारभर इकडून तिकडे पळून थकलेला माणूस. मी ठरवून ठेवलं होतं, मला बोलला तर ऐकून घ्यायचं नाही. त्याने आत येऊन पांढरा टेबलक्लॉथ पाहिला, मेणबत्ती पाहिली, गुडघा टेकला आणि मग डबीवर वाकला.

"हा वास कसला?" त्याने विचारलं.

"बडीशेपेचा," मी म्हटलं. "डबी स्वच्छ पुसलेली आहे. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने यायची आमच्यात पद्धत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "फ्राऊ मनोरमा," तो शेवटी म्हणाला, "असं परत करू नका. पण आजाऱ्याकडे तो घेऊन जायचा असतो, ते माझं काम होतं. महिनाभर मीच यायला हवं होतं."

म्हणजे माणूस भला होता. तो लिओबाआईंच्या समोर बसला आणि त्यांना विचारलं, घ्यायची इच्छा आहे का. त्यांनी रोलाटोरची दांडी घट्ट धरली.

"मला वेर्नरबद्दल पश्चात्ताप नाही," त्या म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते. तो करायला सांगणार असाल तर हे परत घेऊन जा."

रायनर जिन्यात येऊन उभा होता. लहानपणी बाकावर आईशेजारी बसलेला मुलगा, जिला कुणी पुढे बोलवत नाही त्या आईचा. तो चर्चमधून का निघाला, हे त्याचा चेहरा पाहून मला त्या दिवशी कळलं.

पाद्रीने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "वेर्नरबद्दल मी विचारलेलंच नाही. दुसरं काही आहे, ज्याचं तुम्हाला वाईट वाटतं?"

"आहे," लिओबाआई म्हणाल्या. "मी रुसून बसले. आधी पाद्रीवर होते, नंतर त्याच्यावरच. तो समोर होता आणि मी एवढी वर्षं त्याच्याशी नीट बोलले नाही. त्याचं मला आज फार वाईट वाटतंय."

"तेवढं पुरे," तो म्हणाला आणि आम्हाला बाहेर जायची खूण केली. या वेळी मी खरोखरच लांब गेले, रायनरला घेऊन, थेट बागेत. तो पायरीवर बसला आणि माझ्या कोटाच्या खिशातली बडीशेप चिमटीचिमटीने खात राहिला. पाद्रीने खिडकीतून हाक मारली तेव्हा डबी रिकामी होती आणि लिओबाआई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि पाद्रीला विचारलं, सकाळपासून काही पोटात गेलंय का. आम्ही चौघांनी तो करपलेला रोस्ट खाल्ला.

मंगळवारी त्यांना आत नेताना मी चाकांच्या खाटेबरोबर दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "भीती वाटतेच आहे गं. पण आता ती वाटते हे त्यालाही माहीत आहे." मग दार बंद झालं. मी बाहेर बसून सगळ्या देवांना वेठीला धरलं, साताऱ्याच्या आणि इथल्याही. दुपारी त्या शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते नर्सला, की उशी नीट ठेवलेली नाही.

चर्चला जाण्याइतक्या त्या सुधारल्या तोवर फेब्रुवारी उजाडला. रायनरने गाडीतून सोडलं. तो आत आला नाही, पण निघूनही गेला नाही. गाडीतच पेपर वाचत बसला. आम्ही दोघी खांबाजवळ आमच्या जागेवर बसलो. आणि मग लोक उठायला लागले. लिओबाआईंनी कोटाचं वरचं बटण लावलं, रोलाटोर जवळ ओढला आणि उभ्या राहिल्या.

"मी आलेच," त्या मला म्हणाल्या.

फ्राऊ केसलरने मागे वळून पाहिलं, आणि तिने काही न बोलता त्यांना आपल्या पुढे रांगेत घेतलं. मी बसून राहिले. आता मला माहीत होतं की तिथे माझा वाटा नाही. आणि मला रडू कोसळलं. आनंद होताच, पण खोटं कशाला बोलू, नुसता आनंद नव्हता. इतकी वर्षं आम्ही दोघी बसून राहिलो होतो. आता त्या आपल्या घरी निघाल्या होत्या आणि बाकावर मी एकटी होते. मुलीची पाठवणी करून मांडवात उरलेल्या बायकांसारखी माझी गत झाली होती.

मी समोर पाहिलं. त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते. आमच्याकडे देवाला अरे-तुरे करतात, पण मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांशी अदबीने बोलायचं असतं. मी मनातल्या मनात म्हटलं, अहो, आमचं माणूस येतंय तुमच्याकडे. तोंडाने तिखट आहे, मनाने नाही. बोलेल पुष्कळ, तेवढं ऐकून घ्या. फार वर्षं ताटकळत ठेवलंत तिला, आता सांभाळून घ्या.

रांग हळूहळू सरकत होती. त्यांची पाळी आली तेव्हा लिओबाआईंनी रोलाटोरचा ब्रेक लावला, दांडी सोडून दिली आणि दोन्ही हात पुढे केले.